रीपरमधली मांडणी दर वेळी का विस्कटते आणि ती जपायची कशी

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही घरी लॅपटॉपला २४ इंची स्क्रीन जोडून रीपरवर, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरवर, काम करता. तासभर खपून मिक्सर खाली, मीडिया एक्सप्लोरर डावीकडे, मिडी एडिटर (सुरांच्या नोंदी बदलायची विंडो) मोठ्या स्क्रीनवर असं सगळं लावून ठेवता. लॅपटॉप बाहेर नेला की मांडणीचा बोजवारा उडतो, आणि घरी आणून स्क्रीन पुन्हा जोडली तरी काही जागेवर येत नाही. मित्राकडे लॉजिक, म्हणजे ॲपलचं तसंच सॉफ्टवेअर आहे. तो नुसती १, २, ३ ची कळ दाबतो आणि अख्खा पडदा बदलतो. रीपरमध्ये असं काही आहे का?

आहे, आणि लॉजिकपेक्षा जास्त आहे. घोळ होतो तो याच ‘जास्त’मुळे. रीपरमध्ये मांडणी ही एक वस्तू नाही. कुठली विंडो कुठे उघडी आहे हा एक भाग. कुठले ट्रॅक दिसतायत, किती उंच, किती झूम करून, हा दुसरा. पहिला भाग तुमच्या संगणकावर साठतो, दुसरा त्या-त्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठल्या फळीवर ही एक गोष्ट, आणि आज ओट्यावर काय-काय काढून ठेवलंय ही दुसरी, तसंच हे. बहुतेक लोक दोन्ही एकच समजून कुठेतरी ‘सेव्ह’ दाबतात आणि मग ‘सेव्ह केलं तरी राहत नाही’ म्हणून वैतागतात. माझीही पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

व्ह्यू मेनूमध्ये ‘स्क्रीनसेट्स/लेआउट्स’ नावाची विंडो आहे ती उघडा. स्क्रीनसेट म्हणजे साठवून ठेवलेली मांडणी. वर टॅब दिसतील. ‘विंडोज’ आणि ‘ट्रॅक व्ह्यूज’ हे दोन आपल्या कामाचे. क्लिपांची निवड साठवणारा एक टॅब आहे, तो सध्या सोडून द्या. लेआउट्सचा टॅब आहे तो थीमचा, म्हणजे ट्रॅकपट्टी आणि मिक्सरची पट्टी कशी दिसावी, बटणं केवढी असावीत, याचा. बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर बटणं मुंगीएवढी दिसत असतील तर १५० किंवा २०० टक्क्यांचे लेआउट तिथे मिळतात. नावात ‘लेआउट’ असल्यामुळे नवा माणूस नेमका आधी याच टॅबवर जातो आणि तिथे विंडोंच्या जागा शोधत बसतो. त्या तिथे नाहीत.

सेव्ह करण्याआधी मात्र एक काम करा: शक्य तेवढं सगळं डॉक करा, म्हणजे मुख्य विंडोच्या आतल्या कप्प्यात (डॉकरमध्ये) चिकटवा. सुट्या, तरंगत्या विंडोची जागा स्क्रीनवरच्या पिक्सेलमध्ये लिहिली जाते. तुमचा लॅपटॉप १९२० पिक्सेल रुंद आणि दुसरी स्क्रीन त्याच्या उजवीकडे आहे असं धरा. दुसऱ्या स्क्रीनवर ठेवलेल्या मिक्सरची डावी कड १९२० च्या पुढे कुठेतरी असते. स्क्रीनची वायर काढली की ती जागाच उरत नाही. कधी ती विंडो लॅपटॉपवर ओढली जाऊन भलत्याच कोपऱ्यात बसते, कधी उघडी असूनही दिसत नाही. मिक्सर गायब झाला म्हणून लोक रीपर पुन्हा इन्स्टॉल करतात, तो बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. डॉकमधली विंडो मुख्य विंडोबरोबर फिरते, म्हणून ती स्क्रीनबाहेर पडत नाही. विंडोच्या शीर्षकपट्टीवर किंवा टॅबवर उजवं क्लिक करून डॉकचा पर्याय मिळतो. डॉकरच्या कोपऱ्यात छोटं उद्गारचिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की तो डॉकर खाली, वर, डावीकडे की उजवीकडे लावायचा ते ठरवता येतं. मिक्सर, मीडिया एक्सप्लोरर, रीजन-मार्कर मॅनेजर (गाण्यातल्या खुणा केलेल्या भागांची यादी) हे तिघे तरी डॉकमध्येच राहू द्या. दुसऱ्या स्क्रीनवर खरोखर काय लागतं याचा प्रामाणिक विचार केला तर उत्तर सहसा एकच निघतं: मिक्सर किंवा मिडी एडिटर.

मिडी एडिटरवरून आठवलं. प्रेफरन्सेसमध्ये मिडी एडिटरच्या पानावर एक निवड आहे: एडिटर दर क्लिपला एक, दर ट्रॅकला एक की अख्ख्या प्रोजेक्टला एक. प्रोजेक्टला एकच ठेवा. नाहीतर चार क्लिप उघडल्या की चार एडिटर, आणि त्यातला कुठला कुठे बसणार याचा काही भरवसा नाही. मांडणी टिकत नाही या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

आता सेव्ह. विंडोज टॅबमध्ये रिकामी ओळ निवडा, तिला नाव द्या, सेव्ह दाबा. त्यात काय-काय धरायचं हे तो विचारतो: मुख्य विंडोची जागा, बाकीच्या विंडोंच्या जागा, मिक्सरच्या सेटिंग वगैरे. पहिल्या वेळी सगळं धरून ठेवलं तरी चालेल. पहिल्या तीन सेटना एफ७, एफ८, एफ९ या कळा आधीच जोडलेल्या असतात. कळ दाबली की मांडणी आली. ट्रॅक व्ह्यूसाठी तशाच एफ४, एफ५, एफ६. मित्राची १-२-३ ची जादू ती हीच.

आणि इथेच एक सापळा आहे, ज्यात मी पडलोय. एफ७ म्हणजे पहिली मांडणी आण. शिफ्ट आणि एफ७ म्हणजे आत्ता समोर जे आहे ते पहिल्या मांडणीवर सेव्ह कर. विचारणा नाही, इशारा नाही. एकदा रात्री उशिरा मिक्स चालू होतं, पडद्यावर दहा प्लगइन (आवाजावर लावायचे इफेक्ट) उघडे, मिक्सर अर्धा झाकलेला, आणि घाईत शिफ्टवर बोट राहिलं. महिनाभर घासून-पुसून बसवलेली मांडणी गेली आणि तिच्या जागी तो उकिरडा बसला. अनडू दाबून बघितलं. अनडू प्रोजेक्टमधल्या बदलांना असतं, विंडोंना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते हे: प्रश्नचिन्हाची कळ दाबून ॲक्शन लिस्ट, म्हणजे रीपरच्या सगळ्या कामांची आणि त्यांच्या कळांची यादी, उघडली, वर ‘सेव्ह विंडो सेट’ असं शोधलं, आणि सेव्हच्या तिन्ही कळा काढून टाकल्या. मांडणी बदलायची वेळ वर्षातून दोनदा येते. त्यासाठी विंडो उघडून माउसने सेव्ह करायला दहा सेकंद गेले तर गेले. तुम्हीही आजच काढा.

त्याच स्क्रीनसेटच्या विंडोत ‘स्क्रीनसेट बदलताना आपोआप सेव्ह’ अशी एक टिक आहे. ऐकायला सोयीची वाटते. बंद ठेवा. ती चालू असली की एफ७ वर असताना जरा मिक्सर मोठा करून बघितला आणि एफ८ ला गेलात, की तो मोठा मिक्सर पहिल्या मांडणीत कायमचा. तुमच्या मित्राचं लॉजिक मुळातच असं वागतं: तिथे स्क्रीनसेट कुलूपबंद केला नसेल तर शेवटचा बदल तो लक्षात ठेवतो. म्हणून लॉजिकवाले मांडणी बसली की मेनूपट्टीतल्या स्क्रीनसेटच्या आकड्यावर जाऊन ती लॉक करतात, मग आकड्याशेजारी ठिपका दिसतो. मित्राने लॉक केलेलं नसेल तर त्याला सांगा.

किती मांडण्या कराव्यात? दहा जागा आहेत म्हणून दहा करू नका. माझ्या चार आहेत आणि त्या कामावरून ठरल्यात. पहिली रेकॉर्डिंगची: मिक्सर बंद, ट्रॅक उंच, मोठं घड्याळ उघडं, कारण काचेपलीकडे गायकाला खूण करताना मी खुर्चीत नसतो, आणि लेव्हल मला चार फुटांवरून दिसायला हवी. दुसरी कापाकापीची: मिक्सर नाही, घड्याळ नाही, पूर्ण रुंदीत लहरी आणि डावीकडे रीजनची यादी. ऑडिओबुकचं सगळं काम याच मांडणीत होतं. तिसरी मिक्सची: मोठ्या स्क्रीनवर मिक्सर आणि मास्टर. चौथी ‘नुसता लॅपटॉप’. ही चौथी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. मुख्य विंडो लॅपटॉपवर, बाकी सगळं डॉकमध्ये, तरंगती विंडो एकही नाही. सेव्ह करताना बाहेरची स्क्रीन काढलेली असू द्या. पुढे कुठेही गेलात आणि पसारा झाला की ही एक कळ दाबायची, हरवलेल्या विंडो परत समोर येतात. (विंडोजवर एखादी विंडो तरीही सापडली नाही, तर ती निवडलेली असताना विंडोज कळ, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण दाबून ती एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर ढकलता येते.)

घरी परत आल्यावर क्रम लक्षात ठेवा: आधी स्क्रीनची वायर लावा, ती पेटू द्या, मग मिक्सची कळ दाबा. उलट केलंत तर विंडो नसलेल्या स्क्रीनवर जायला बघते. विंडोजमध्ये दोन स्क्रीनना वेगवेगळं स्केलिंग असेल, म्हणजे लॅपटॉपला १५० टक्के आणि बाहेरच्या स्क्रीनला १००, तर तेही एकदा पक्कं करून टाका. मांडणी सेव्ह केल्यावर स्केलिंग बदललं की सगळ्या मापांचा हिशोब चुकतो आणि आपण रीपरला शिव्या घालतो.

आता ट्रॅक व्ह्यू. माझ्या मते खरी गंमत इथे आहे, आणि हे फारसं कोणी वापरत नाही. एक उदाहरण सांगतो. अभंगाचं रेकॉर्डिंग, सगळे एकाच खोलीत बसून वाजवणार असा गायकांचा हट्ट. हट्ट बरोबरच होता, गाणं त्याशिवाय उभं राहत नाही. मिक्सला आले ३८ ट्रॅक. मुख्य आवाज, पखवाजाच्या दोन पुड्यांचे दोन माइक, हार्मोनियम, कोरसचे बरेच, खोलीचे दोन, आणि टाळ. टाळाला स्वतःचा माइक होता, पण तो गायकाच्या माइकमध्येही छान ऐकू येत होता. गायकाच्या आवाजावर ईक्यू (पट्ट्या कमी-जास्त करणारा इफेक्ट) लावून वरच्या पट्टीत चमक दिली की टाळ कानात टोचायचा. म्हणजे गायकाच्या ट्रॅकवर दोन शब्दांच्या मधे जिथे टाळ घुसलाय तिथे आवाज खाली घ्यायचा, पण शब्द कापता कामा नये. अडचण अशी की ‘विठ्ठल’ मधला ठ्ठ आणि टाळाचा ठोका, लहरीत दोन्ही सारखेच दिसतात: शांततेतून एकदम वर उसळलेली काडी. नुसत्या गायकाच्या ट्रॅककडे बघून कळत नाही कुठली काडी कुणाची. खाली टाळाचा ट्रॅक लावला की लगेच कळतं: दोन्हीकडे एकाच क्षणी काडी असेल तर टाळ, फक्त वरती असेल तर शब्द.

मग मी केलं असं. ट्रॅक मॅनेजरमधून गायक आणि टाळ हे दोनच ट्रॅक दाखवले, बाकी ३६ लपवले. लपवलेले ट्रॅक वाजत राहतात, हे विसरू नका. दोघांची उंची अर्धा-अर्धा पडदा. झूम एवढा की पडद्यावर साधारण दोन सेकंद मावतील. हा ट्रॅक व्ह्यू एफ५ वर सेव्ह केला. एफ४ वर सगळे ३८ ट्रॅक बारीक करून. एफ६ वर फक्त कोरस. मग काम असं चालतं: एफ४ ला अख्खं गाणं ऐकायचं, खटकलं तिथे थांबायचं, एफ५ दाबून आत शिरायचं, दुरुस्त करून पुन्हा एफ४. कुठलाही ट्रॅक शोधायला स्क्रोल करावा लागत नाही. सेव्ह करताना तो विचारतो की आडवा झूम धरायचा का, स्क्रोलची जागा धरायची का, मिक्सरमध्ये कुठले ट्रॅक दिसतात ते धरायचं का. झूम धरा. स्क्रोलची जागा धरू नका, नाहीतर दर वेळी जिथे सेव्ह केलं होतं तिथली जागा समोर येईल आणि तुम्ही खटकलेली जागा हरवून बसाल.

ट्रॅक व्ह्यू प्रोजेक्टच्या फाइलमध्ये राहतात, म्हणून नवीन गाणं उघडलं की ते रिकामे असतात. हे बरोबरच आहे, कारण नव्या गाण्यात टाळ तिसऱ्या नंबरवर असेलच असं नाही. पण तुमची गाणी साधारण एकाच साच्याची असतील तर टेम्प्लेट करा: ट्रॅक, रंग, रूटिंग (कुठला आवाज कुठे जातो ते) आणि ट्रॅक व्ह्यू सगळं बसवून फाइल मेनूतल्या प्रोजेक्ट टेम्प्लेट्समधून ‘टेम्प्लेट म्हणून सेव्ह’. प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टच्या पानावर नवीन प्रोजेक्टसाठी कायमचं टेम्प्लेट नेमूनही देता येतं. मी कायमचं नेमत नाही. अर्ध्या मिनिटाची आवाजाची क्लिप साफ करायला बसलो आणि समोर ४० ट्रॅक उभे राहिले की काम करायची इच्छा जाते.

दोन्ही एका कळीत बांधायचे असतील तर ॲक्शन लिस्टमध्ये नवीन कस्टम ॲक्शन करा, त्यात ‘लोड विंडो सेट २’ आणि त्याखाली ‘लोड ट्रॅक व्ह्यू २’ ओढून ठेवा, हवी ती कळ द्या. एसडब्ल्यूएस नावाचं फुकट एक्स्टेन्शन घातलंत तर आणखी एक सोय मिळते: प्रोजेक्ट उघडताच चालणारी ॲक्शन नेमता येते. ॲक्शन लिस्टमध्ये उजवं क्लिक करून त्या ॲक्शनचा कमांड आयडी कॉपी करायचा आणि एसडब्ल्यूएसच्या स्टार्टअप ॲक्शनमध्ये चिकटवायचा. माझे ऑडिओबुकचे प्रोजेक्ट उघडतात तेच कापाकापीच्या मांडणीत.

प्लगइनच्या तरंगत्या विंडो मात्र या हिशोबात धरू नका. त्यांची जागा प्रोजेक्टबरोबर जाते. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडून बघा, प्रत्येक प्लगइनपाशी ‘फ्लोटपॉस’ (विंडो उघडी असेल तर ‘फ्लोट’) अशी ओळ आणि पुढे चार आकडे दिसतील: आडवी जागा, उभी जागा, रुंदी, उंची. दुसऱ्याच्या स्टुडिओतून आलेल्या प्रोजेक्टमध्ये प्लगइन स्क्रीनबाहेर उघडत असेल तर कारण तिथे लिहिलेलं असतं. फाइलची प्रत करून ते आकडे शून्य केले की काम होतं. मूळ फाइलला हात लावू नका.

बॅकअपचं थोडक्यात. ऑप्शन्स मेनूत ‘शो रीपर रिसोर्स पाथ’ आहे, त्याने जो फोल्डर उघडतो त्यात ‘रीपर-स्क्रीनसेट्स’ नावाची आयएनआय फाइल आहे. विंडोंच्या सगळ्या मांडण्या तिच्यात. कळांचे शॉर्टकट ‘रीपर-केबी’मध्ये, टूलबार ‘रीपर-मेनू’मध्ये. रीपर बंद करून हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. माझ्या त्या रात्रीच्या उकिरड्यानंतर मांडणी परत मिळाली ती तीन आठवडे जुन्या अशाच कॉपीमधून: रीपर बंद, ती एक फाइल जागेवर टाकली, रीपर चालू. प्रेफरन्सेसच्या जनरल पानावर एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन आहे, तेही चांगलं आहे, पण मला फोल्डरच बरा वाटतो, त्यात काय घेतलं आणि काय राहिलं हा प्रश्नच येत नाही. दुसऱ्यांच्या स्टुडिओत वरचेवर जावं लागत असेल तर इन्स्टॉल करताना ‘पोर्टेबल’ची टिक करून रीपर थेट पेनड्राइव्हवर टाका, म्हणजे सेटिंग त्याच फोल्डरमध्ये राहतात आणि यजमानाच्या मांडणीला धक्का लागत नाही.

मित्रांमध्ये वेगवेगळी सॉफ्टवेअर असतात म्हणून बाकीच्यांचंही सांगून टाकतो. लॉजिकमध्ये स्क्रीनसेट ९९ पर्यंत करता येतात, पण ते प्रोजेक्टमध्ये साठतात, म्हणून टेम्प्लेट नसेल तर दर गाण्याला नव्याने बसवा. दोन आकडी स्क्रीनसेटसाठी पहिला आकडा दाबताना कंट्रोल धरायचा. प्रो टूल्समध्ये यांना विंडो कॉन्फिगरेशन म्हणतात, तेही ९९, आणि बोलवायचे ते न्यूमेरिक कीपॅडवरून: पूर्णविराम, आकडा, मग तारा. कीपॅड नसलेल्या लॅपटॉपवर याची मजा निघून जाते. क्यूबेसची वर्कस्पेस मला सगळ्यात शहाणी वाटतात, कारण तिथे ‘सगळ्या प्रोजेक्टसाठी’ आणि ‘फक्त याच प्रोजेक्टसाठी’ हा फरक नावातच सांगितलेला आहे. एबलटन लाइव्हमध्ये असं नंबर लावून मांडण्या ठेवणं नाही. तिथे डिफॉल्ट सेट आणि टेम्प्लेटवर भागवायचं.

तुम्ही आधी दोनच करा: एफ७ वर घरची, एफ८ वर नुसता लॅपटॉप. आठवडाभर वापरून बघा, काय खटकतं ते कळेल, मग तिसरी.

आणि हो, लॅपटॉपवर एफ७ दाबल्यावर मांडणी न बदलता आवाज किंवा स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत असेल, तर रीपरचा दोष नाही. तिथे एफएन कळ धरून दाबावं लागतं. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आणि बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर बायॉसमध्ये हे उलटं करता येतं. तो खटाटोप नको असेल तर ॲक्शन लिस्टमध्ये जाऊन लोडच्या ॲक्शनना दुसऱ्या मोकळ्या कळा द्या.